सुकाणूचे बुश बदलताना: साहित्य कोणते घ्यावे आणि माप किती ठेवावे

नारळी पौर्णिमेनंतर बोट पाण्यात उतरवली तेव्हा टिलर, म्हणजे सुकाणू वळवायची लांब मूठ, एका बोटाने हलत होता. दसऱ्याला तो मनगटाला जाणवू लागला आणि दिवाळीत बेलापूरजवळच्या खाडीत दोन्ही हातांनी ओढल्याशिवाय सुकाणू वळेना. बोट चाळीस वर्षांहून जुनी, सव्वीस फुटी, फायबरची, मुळात ब्रिटनमध्ये बांधलेली. सुकाणूचे दोन्ही बुश, म्हणजे सुकाणूचा दांडा ज्यांत फिरतो त्या आखूड नळ्या, मी त्याच मे महिन्यात नवे करून घेतले होते. ज्या दुकानातून पांढरा रॉड आणला तिथे तो डेलरिन (ॲसिटल नावाचे प्लास्टिक) म्हणून विकला गेला होता, प्रत्यक्षात ते नायलॉन होते. लेथवरचे काम निर्दोष होते आणि मापही कोरडे असताना अचूक होते. बुश पाण्यात फुगला आणि त्याने दांडा आवळून धरला.

त्या अनुभवानंतर मी बुशाकडे पाहण्याचा क्रम उलटा केला. बुश कोरडा असताना किती मापाचा आहे, यापेक्षा तो त्याच्या घरात, म्हणजे ज्या नळीत किंवा भोकात तो बसतो तिथे, ठोकल्यावर आणि तीन महिने भिजल्यावर किती मापाचा राहील, हे आधी ठरवावे लागते आणि त्यावरून मागे येत लेथवरचे माप काढावे लागते. पुढील पद्धत याच क्रमाने मांडली आहे. ती मुख्यतः बोटीच्या तळातून वर येणाऱ्या दांड्यावर फिरणाऱ्या सुकाणूंसाठी आहे. मागच्या फळीवर बिजागऱ्यांसारख्या कड्यांत टांगलेल्या सुकाणूचे बुश लहान असतात, बहुधा दहा-बारा मिलिमीटर पिनचे, आणि तिथे ॲसिटलचा बुश ०.२ ते ०.३ मिमी सैल ठेवला की काम भागते.

सुकाणू खाली काढणे आणि खेळ मोजणे

बोट जमिनीवर घेतल्यावर, काहीही उघडण्यापूर्वी, सुकाणूचे खालचे टोक धरून ते आडवे हलवावे आणि खालच्या बुशापाशी दांडा व बुश यांच्यातील फट फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजावी. साधारण ४० मिमीच्या दांड्यावर एक मिलिमीटरपर्यंत खेळ आढळला तर तातडी नसते, मात्र दीड मिमीच्या पुढे गेल्यास नांगरावर उभ्या बोटीत रात्रभर ठक-ठक आवाज येतो आणि प्रत्येक ठोका बुशाची कड खात जातो. वरच्या बुशापाशीही हेच माप घ्यावे, कारण दोन्हींची झीज सारखी नसते. सुकाणू उभ्या दिशेने किती वरखाली होते तेही पाहावे. ओहोटीला बोट चिखलावर टेकत असेल तर चिखल सुकाणूला वर ढकलतो, म्हणून तिथे एक ते दोन मिमी मोकळीक हवीच.

सुकाणू खाली उतरवण्यासाठी दांड्याच्या संपूर्ण लांबीइतकी जागा खाली लागते, म्हणजे बोट पुरेशी उंच ठोकळ्यांवर घ्यावी लागते किंवा सुकाणूखाली खड्डा खणावा लागतो. वजन दोन माणसांना पेलवणारे असले तरी ते दोरीने आवळून हळूहळू सोडावे. वर टिलरच्या खाली जे वायसर आणि पातळ पट्ट्या निघतील त्यांचा क्रम फोटोत टिपून एका डब्यात ठेवावा, कारण त्यांच्यावरच सुकाणूची उंची अवलंबून असते.

जुना बुश ठोकून काढण्याचा मोह टाळावा. फायबरच्या नळीला हातोड्याचे दणके सहन होत नाहीत आणि नळीचा जोड हुलपाशी, म्हणजे बोटीच्या कवचापाशी, फाटला तर पाणी थेट बोटीत येते. हॅकसॉचे पाते बुशाच्या आत घालून लांबीच्या दिशेने एक चीर पाडावी, ती भिंतीच्या जाडीपर्यंत नेऊन थांबवावी आणि मग पेचकसाने बुश आत दुमडून काढावा. वेळ लागतो, पण घर शाबूत राहते.

दांड्याचे माप

जुन्या ब्रिटिश आणि अमेरिकन बोटींचे दांडे इंचात असतात. दीड इंच म्हणजे बारा सूत, म्हणजेच ३८.१ मिमी; सव्वा इंच ३१.७५ आणि पावणेदोन इंच ४४.४५ मिमी. तयार मिळणारे ३८ किंवा ४० मिमीचे बुश तिथे बसत नाहीत किंवा बसूनही खडखडतात, म्हणून अंदाजाने काहीही मागवू नये. मायक्रोमीटरने प्रत्येक बुशाच्या जागी वर, मध्ये आणि खाली, आणि प्रत्येक ठिकाणी एकमेकांना काटकोनात, अशी सहा मापे घ्यावीत. दांडा बहुधा एका बाजूने जास्त झिजलेला असतो, त्यामुळे एकच माप फसवते.

या टप्प्यावर एक अडचण बहुतेकांच्या लक्षात उशिरा येते. समजा ३८.१ चा दांडा खालच्या बुशाच्या जागी झिजून ३७.५ झाला आहे. नवा बुश ३७.५ ला जुळवला तर तो दांड्यावर सरकणारच नाही, कारण दांड्याचा न झिजलेला भाग आधी त्यातून जायचा असतो; आणि ३८.१ ला जुळवला तर झिजलेल्या ठिकाणी जुनाच खडखडाट राहतो. ०.३ मिमीपर्यंतची झीज मी स्वीकारतो. त्यापुढे असेल तर दांडा वेल्डिंगने भरून पुन्हा खरादून घेणे, त्यावर पातळ बाही (धातूची नळी) चढवणे, किंवा उभा दोन तुकड्यांत कापलेला बुश वापरून तो झिजलेल्या जागेभोवती घरात बसवणे, असे तीन मार्ग राहतात. भरण्याच्या वेल्डिंगमध्ये दांडा वाकण्याची शक्यता असते, म्हणून काम झाल्यावर तो व्ही ब्लॉकवर फिरवून डायल गेजने सरळपणा तपासून घेण्याचा आग्रह धरावा.

दांडा कोणत्या धातूचा आहे यावर पुढची निवड ठरते. कानशीच्या एका हलक्या ओरखड्याने पिवळसर-लालसर चमक दिसली तर ब्राँझ. पांढरट, हलका आणि पांढऱ्या भुकटीने गंजलेला असेल तर ॲल्युमिनियम. आणि चुंबकाला जवळपास दाद न देणारा, कठीण व रुपेरी असेल तर बहुधा स्टेनलेस. स्टेनलेस दांडा बुशाच्या आत नेमका जिथे पाणी साचून राहते तिथे टिपक्या-टिपक्यांनी कुरतडलेला असू शकतो, कारण साचलेल्या पाण्यातला प्राणवायू संपला की त्याच्यावरचा संरक्षक थर टिकत नाही. नखाला लागतील असे खड्डे आढळल्यास बुशाचा विचार बाजूला ठेवून आधी दांड्याच्या ताकदीचा विचार करावा.

बुशावर जोर किती येतो

साहित्य निवडताना लोक ताकदीवर अडतात, म्हणून एकदा हिशेब करून पाहू. सुकाणूचे क्षेत्रफळ ०.४ चौरस मीटर, वेग ६ नॉट (ताशी सागरी मैल) आणि सुकाणू चांगले कललेले असे धरल्यास त्यावर साधारण १९५० न्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलोचा आडवा जोर येतो. खालून आधार नसलेल्या सुकाणूत हा जोर खालच्या बुशाच्या ६० सेंमी खाली लागतो आणि दोन बुशांतील अंतरही ६० सेंमी आहे असे मानले, तर तरफेच्या नियमाने खालच्या बुशावर त्याच्या दुप्पट, म्हणजे सुमारे ३९०० न्यूटन येतात. बुश ५० मिमी लांब आणि दांडा ३८ मिमी असेल तर दाब प्रति चौरस मिलिमीटर साधारण दोन न्यूटन होतो. लाटांच्या तडाख्यासाठी तो तिप्पट धरला तरी चांगल्या अभियांत्रिकी प्लास्टिकला तो सहज पेलतो, आणि सुकाणू इतके सावकाश फिरते की घर्षणाच्या उष्णतेचा प्रश्नच उद्भवत नाही. म्हणून बुशाची लांबी दांड्याच्या व्यासाच्या सव्वा ते दीडपट पुरेशी असते. त्याहून लांब बुश केल्यास दांडा किंचित वाकताच तो दोन्ही कडांवर अडकतो.

साहित्य

ब्राँझचा दांडा आणि गनमेटलचा (ब्राँझच्याच एका प्रकाराचा) बुश ही जोडी असलेली जुनी, लांब कण्याची बोट असेल तर तिथे प्लास्टिक आणण्याचे कारण नाही. गनमेटल किंवा फॉस्फर ब्राँझमध्येच नवा बुश करावा आणि ०.१ ते ०.१५ मिमी मोकळीक ठेवावी. पितळ मात्र कधीही वापरू नये, कारण समुद्राच्या पाण्यात त्यातील जस्त निघून जाते आणि उरलेला तांब्याचा सच्छिद्र सांगाडा बोटाने चुरडता येतो. ॲल्युमिनियमच्या दांड्यावर ब्राँझचा बुश म्हणजे खाऱ्या पाण्यातली बॅटरीच, आणि तीत दांडा खर्ची पडतो. तिथे प्लास्टिकला पर्याय नाही. स्टेनलेसवर स्टेनलेस बाही फिरू दिल्यास दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना चिकटून ओरबाडले जातात.

प्लास्टिकमध्ये नायलॉन सर्वांत सहज मिळते आणि तेच या कामाला सर्वांत अयोग्य आहे. पूर्ण भिजल्यावर साधे नायलॉन वजनाच्या ८ ते ९ टक्क्यांपर्यंत पाणी शोषते आणि त्याची लांबी-रुंदी सुमारे दोन टक्क्यांनी वाढते. ॲसिटल, म्हणजे बाजारात ज्याला डेलरिन म्हणतात ते, एक टक्क्याच्या आतबाहेर पाणी घेते आणि ०.२ ते ०.४ टक्के वाढते. लेथवर ते सुंदर कापले जाते, म्हणून माझी पहिली पसंती त्यालाच आहे. उन्हात येणाऱ्या वरच्या बुशासाठी काळे ॲसिटल घ्यावे, पांढरे उन्हाने खडूसारखे भुरभुरते. अतिउच्च रेणुभाराचे म्हणून ओळखले जाणारे मऊ पॉलिथिलीन पाणी अजिबात घेत नाही आणि रेतीतही चांगले टिकते, पण ते सततच्या दाबाखाली सरकते, तापमानाने जास्त फुगते आणि त्याला कोणताही गोंद धरत नाही. टेफ्लॉन त्याहून मऊ असल्यामुळे वायसरापुरते ठीक, भार घेणाऱ्या बुशाला नको. पीईटीचा अभियांत्रिकी रॉड किंवा व्हेस्कोनाइट हे बुशांसाठीचे प्लास्टिक मिळाले आणि परवडले तर दोन्ही उत्तम, कारण ती पाण्यात जवळजवळ फुगत नाहीत आणि तापमानानेही ॲसिटलपेक्षा कमी फुगतात.

नवी मुंबईतल्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात, म्हणजे तुर्भे, पावणे, महापे, रबाळे या भागांत, तसेच ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये लेथचे काम करून देणारे पुष्कळ आहेत, पण पांढरा रॉड हातात घेऊन तो नायलॉन की ॲसिटल हे नजरेने सांगता येत नाही. त्यासाठी स्वयंपाकघरातली चाचणी पुरते. एक लिटर पाण्यात साधारण साडेतीनशे ग्रॅम मीठ घालून, तळाशी थोडे न विरघळता उरेपर्यंत ढवळावे. या पाण्याची घनता सुमारे १.२ होते. रॉडच्या टोकाचा नखाएवढा तुकडा त्यात सोडून बोटाने दाबावा, म्हणजे चिकटलेले बुडबुडे निघून जातील. नायलॉनची घनता १.१४ असल्यामुळे तो तुकडा वर येऊन तरंगतो आणि १.४१ घनतेचे ॲसिटल भांड्याच्या तळाशी जाऊन टक आवाज करते. काचतंतू मिसळलेले नायलॉन आणि पीईटीही बुडतात, त्यामुळे बुडाला म्हणून ते ॲसिटलच असे समजू नये. पण तरंगला तर रॉड परत करावा. मी पहिल्या वेळी ही चाचणी केली असती तर एक अख्खा हंगाम वाचला असता.

माप काढण्याचा हिशेब

फुगण्याबद्दल एक चुकीची समजूत खोलवर रुजलेली आहे. मोकळ्या हवेत ठेवलेला बुश फुगला तर त्याचे आतले भोकही मोठे होते, कारण सगळीच मापे एका प्रमाणात वाढतात. घरात घट्ट बसवलेल्या बुशाला मात्र बाहेर वाढायला जागा नसते, त्यामुळे वाढलेला सारा पदार्थ आत येतो आणि भोक लहान होते. भोक किती लहान होईल हे काढण्यासाठी बाहेरच्या व्यासाच्या वर्गातून आतल्या व्यासाचा वर्ग वजा करावा, उत्तराला आतल्या व्यासाने भागावे आणि त्याला फुगण्याच्या प्रमाणाने गुणावे. बाहेर ५० आणि आत ३८.५ मिमी असेल तर गुणक २६.४ येतो. नायलॉनच्या दोन टक्क्यांनी भोक ०.५३ मिमी लहान होते, ॲसिटलच्या ०.३ टक्क्यांनी ०.०८ मिमी. माझा टिलर का अडकला हे या दोन आकड्यांतच आहे. भिंत जाड केली की गुणक वाढतो, म्हणून भिंत पाच-सहा मिमीच ठेवावी. जाड बुश मजबूत वाटतो, पण तोच जास्त आवळतो.

आता ३८.१ च्या स्टेनलेस दांड्यासाठी ॲसिटलचा बुश धातूच्या ५० मिमी घरात बसवायचा आहे असे घेऊ. चालताना ओल्या स्थितीत ०.२ मिमी मोकळीक हवी. पाण्याने ०.०८ जाणार. मे महिन्याच्या उकाड्यात पाणी तापले तर दहा अंशांमागे आणखी ०.०३ जाते. बुश घरापेक्षा ०.१ मिमी मोठा करून ठोकला तर भोक त्याहून थोडे अधिक, सुमारे ०.१३ मिमी आत येते. ही बेरीज ०.४४ होते, म्हणून लेथवर आतला व्यास ३८.५५ आणि बाहेरचा ५०.१० सांगावा. टर्नरला आयडी (आतला व्यास) आणि ओडी (बाहेरचा व्यास) ही दोन्ही मापे, त्यांचा अधिक-उणे ०.०५ चा टॉलरन्स (चालेल इतका फरक) आणि घर व दांड्याची प्रत्यक्ष मापे एका कागदावर लिहून द्यावीत. तोंडी दिलेले माप नेहमी घट्ट बाजूला झुकते, कारण सैल काम देणे कोणत्याही चांगल्या टर्नरच्या जिवावर येते. त्यामुळे ही मोकळीक मुद्दाम ठेवलेली आहे हे त्यांना कारणासह समजावून सांगावे.

घर फायबरच्या नळीचे असेल तर ते कधीही खरे गोल नसते आणि तिथे ठोकून बसवण्याचा विचार सोडून द्यावा. बुशाचा बाहेरचा व्यास घरापेक्षा एक मिमी कमी ठेवावा, बाहेरून दोन-तीन आडव्या खाचा पाडाव्यात आणि तो घट्ट कालवलेल्या इपॉक्सीत बसवावा. इपॉक्सी ॲसिटलला चिकटत नाही, ती खाचांत अडकून बुशाला धरते. दोन्ही बुश एकाच वेळी, दांडा आत घालूनच बसवावेत, म्हणजे ते आपोआप एका रेषेत येतात. दांड्याला भरपूर मेण चोळावे आणि फट सर्व बाजूंनी सारखी राहावी म्हणून त्याभोवती पातळ पॉलिएस्टर फिल्म गुंडाळावी.

कापणी आणि बसवणी

आधी एक-दीड मिमी जादा ठेवून कच्चे कापावे, रात्रभर तसेच ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी शेवटचा कट घ्यावा, कारण रॉडमधला ताण सुटताना माप हलते. धारदार टूल आणि पंख्याची हवा असली की पुरते. कापताना गरम झालेला बुश लगेच मोजू नये. आतून तीन उभ्या खाचा, प्रत्येकी तीन मिमी रुंद आणि दोन मिमी खोल, पाडून घ्याव्यात. ठाण्याच्या खाडीचे पाणी गाळाने भरलेले असते आणि या खाचांतून पाणी वाहत राहिले तर गाळ बाहेर पडतो, शिवाय स्टेनलेसला ताजे पाणी मिळते. याच कारणाने मी खालच्या बुशात ग्रीस भरत नाही. ग्रीस गाळ धरून ठेवते आणि दोन महिन्यांत त्याचे घासकागदासारखे मिश्रण होते.

धातूच्या घरात ठोकण्यापूर्वी बुश घरच्या फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवावा. सत्तावीस अंशांवरून उणे अठरापर्यंत थंड झाल्यावर ५० मिमीचे ॲसिटल जवळपास पाव मिलिमीटर आकसते, म्हणजे ०.१ मिमीची घट्ट बसणी असूनही बुश हाताने आत सरकतो. मात्र फ्रीझर ते बोट हा प्रवास थर्मासमध्ये किंवा बर्फाच्या डब्यात करावा आणि घर आधीच कोरडे पुसून ठेवावे, कारण दमट हवेत बुशावर क्षणात दव धरते आणि हाती अवघी एक-दोन मिनिटे असतात. बुश घरात फिरू नये म्हणून कडेच्या कॉलरमध्ये स्टेनलेसचा एक लहान स्क्रू द्यावा, भार घेणाऱ्या भिंतीत नको.

बुश पुन्हा हवेच्या तापमानाला आल्यावर आतला व्यास टेलिस्कोपिक गेजने दोन दिशांनी मोजावा; वरच्या उदाहरणात तो ३८.४ च्या आसपास यायला हवा. कमी असेल तर आत्ताच खरवडून काढावा. मग सुकाणू चढवून, टिलर न लावता, ते एका बाजूला वळवून सोडावे. बोट किंचित कललेली असेल तर सुकाणूने स्वतःच्या वजनाने खालच्या बाजूला यायला हवे, आणि वाटेत कुठेही अडखळले तर दोन बुश एका रेषेत नाहीत असे समजावे.

पाण्यात उतरवल्यावर तीन आठवड्यांनी, आणि पुन्हा तीन महिन्यांनी, नांगरावर शांत पाण्यात टिलरला स्प्रिंगचा वजनकाटा अडकवून सुकाणू हलवायला किती जोर लागतो ते लिहून ठेवावे. ॲसिटलच्या बुशात हे दोन्ही आकडे जवळपास सारखे येतात. माझ्या नायलॉनच्या बुशात ते दर खेपेला वाढत गेले असते, पण त्या वर्षी मी ते मोजलेच नव्हते. आता बुशाची कोरडी मापे, ठोकल्यानंतरची मापे आणि हे काट्याचे आकडे एकाच वहीत आहेत, आणि उरलेल्या रॉडचा हातभर तुकडा त्याच्यावर घनतेच्या चाचणीची तारीख लिहून त्याच डब्यात ठेवलेला आहे.